बी.एस्सी. नर्सिंगनंतर नर्स प्रॅक्टिशनर व्हावं का? (सांगली-सातारा)

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. बी.एस्सी. नर्सिंग झालंय, महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी आहे, मिरजेत आयसीयूत चौदा महिने झालेत. पुढे एनपीसीसी, म्हणजे नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर करावं, की मेडिकल-सर्जिकलमध्ये एम.एस्सी., की सरळ सरकारी भरतीच्या अभ्यासाला बसावं, हे ठरत नाहीये. एनपी झाल्यावर काम खरंच बदलतं का? औषध लिहिता येतं का? पदवी परदेशात चालते का? "शेवटी नर्सच राहायचं तर आणखी दोन वर्षं कशाला?" हे घरी रोज ऐकायला मिळतं. त्याला माझ्याकडे नीट उत्तर नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावं.

अतिदक्ष
ताई, आधी कोर्स काय आहे ते सांगतो, कारण निम्मा गोंधळ नावामुळेच होतो.

अतिदक्षता विभागात रुग्ण तपासून, ठरलेल्या चौकटीत उपचाराचे निर्णय घेणारी नर्स घडवायला भारतीय परिचर्या परिषदेने आखलेला हा दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. प्रवेशाला बी.एस्सी. नर्सिंगला किमान ५५ टक्के, परिषदेची नोंदणी आणि निदान एक वर्षाचा रुग्णसेवेचा अनुभव लागतो, तोही शक्यतो अतिदक्षता विभागातला. तुमचे चौदा महिने त्यात बसतात. अनुभवाच्या दाखल्यावर "आयसीयू" हा शब्द आणि रुजू झाल्याची तारीख आहे ना ते बघा. नुसतं "स्टाफ नर्स म्हणून काम केले" असं लिहिलेला दाखला छाननीत अडकतो.

वेळेची वाटणी साधारण २० टक्के थिअरी आणि ८० टक्के बेडजवळचं काम. प्रगत शरीरविकृतीशास्त्र, प्रगत औषधशास्त्र आणि प्रगत तपासणी हे तीन विषय कणा आहेत. त्यावर क्रिटिकल केअर नर्सिंग दोन भागांत, शिवाय संशोधन आणि प्रबंध. लॉगबुक रोजच्या रोज भरून सही घ्यायची. महिनाअखेरीला एकदम भरू म्हणणाऱ्यांची परीक्षेच्या तोंडावर फार धावपळ होते, कारण तोवर सही करणारे बदलून गेलेले असतात.

पैशाचं एक कलम बरेच जण वाचतच नाहीत. नोकरीत असलेल्याला नियमित पगार आणि बाकीच्यांना त्या रुग्णालयाच्या वेतनरचनेप्रमाणे स्टायपेंड किंवा पगार, असं परिषदेच्या अभ्यासक्रमात म्हटलं आहे. प्रवेश घेण्याआधी ही रक्कम लेखी मागा. फी भरायची आणि वर आयसीयूची पूर्ण ड्युटी फुकट करायची, असा व्यवहार कुणी पुढे केला तर तिथून उठायचं.

औषधवाला_विटा
औषध लिहिण्याबद्दल दुकानाच्या बाजूने सांगतो.

शेड्यूल एच आणि एच-१ मधलं औषध द्यायला नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाचं प्रिस्क्रिप्शन लागतं. एच-१ साठी वेगळं रजिस्टर असतं. त्यात डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि नग लिहून ते तीन वर्षं जपावं लागतं. त्या रकान्यात नर्स प्रॅक्टिशनरचं नाव लिहिता येत नाही. त्यामुळे बाहेरच्या मेडिकलवर चालेल अशी चिठ्ठी एनपीसीसी करून लिहिता येणार नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात कलम ३२ आहे, त्यात सामुदायिक आरोग्यसेवकांना मर्यादित परवान्याची तरतूद आहे. पण स्वतंत्रपणे औषध देण्याची मुभा फक्त प्राथमिक आणि प्रतिबंधात्मक सेवेपुरती आहे. आयसीयूशी तिचा संबंध नाही. क्लासवाले ते कलम दाखवून प्रवेश गळ्यात मारत असतील तर भुलू नका.

रुग्णालयाच्या आत काय चालतं ते अतिदक्ष सांगतीलच.

अतिदक्ष
आत चालतो तो प्रोटोकॉल, आपल्या भाषेत स्टँडिंग ऑर्डर. एनपीने तपासण्या सांगाव्यात, औषध सुरू करावं, मात्रा वाढवावी, पण रुग्णालयाने मंजूर केलेल्या लेखी प्रोटोकॉलच्या चौकटीत. म्हणून खरा प्रश्न हा, की त्या रुग्णालयाचा प्रोटोकॉल कागदावर आहे का?

चांगल्या स्टँडिंग ऑर्डरमध्ये चार गोष्टी असतात: कुणाला, कोणत्या आकड्याला, किती आणि डॉक्टरांना कधी उठवायचं. पोटॅशियमचं उदाहरण घ्या. ३.५ च्या खाली गेलं, लघवी तासाला किलोमागे अर्धा मिली तरी होतेय, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) ठीक आहे, तर सेंट्रल लाइनमधून २० मिलिइक्विव्हॅलंट, १०० मिलीत मिसळून, एका तासात, ईसीजी मॉनिटर लावून. आपल्याकडचा १० मिलीचा अँप्यूल म्हणजे बरोबर २० मिलिइक्विव्हॅलंट. ते संपल्यावर रक्त परत पाठवायचं. लघवी कमी असेल किंवा ईसीजी बदलला तर पुढे काही न करता फोन. एवढं लिहिलेलं असेल तर एनपी रात्री तीन वाजता ठामपणे काम करू शकते. "पोटॅशियम कमी असल्यास करेक्शन द्यावे" एवढ्यावर भागवलेलं असेल, तर चूक झाल्यावर सगळं तिच्यावर येतं.

काम बदलतं का? आपल्या भागातलंच घेऊ. तासगाव, कवठेमहांकाळच्या द्राक्षपट्ट्यातून कीटकनाशकाची विषबाधा येते. ऑर्गॅनोफॉस्फेट. त्यावर उताऱ्याचं औषध अ‍ॅट्रोपिन ०.६ मिलिग्रॅमच्या अँप्यूलमध्ये येतं. सुरुवात १.८ ते ३ मिलिग्रॅम, म्हणजे तीन ते पाच अँप्यूल, आणि दर पाच मिनिटांनी मागच्या मात्रेच्या दुप्पट. कुठे थांबायचं? छातीतली घरघर गेली, नाडी ८० च्या वर, वरचा रक्तदाब ८० च्या वर, काखा कोरड्या, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या राहिलेल्या नाहीत. मग एकूण जितकं लागलं त्याच्या १० ते २० टक्के दर तासाला ड्रिपमधून.

आता इथे चूक कशी होते बघा. रुग्णाने आधी उलटी केलेली असते आणि ती श्वासात गेलेली असते. मग उजव्या फुप्फुसाच्या तळाशी कुरकुर राहतेच. ती अ‍ॅट्रोपिनने जात नाही. स्टेथो एकाच जागी टेकवून "अजून छाती भरलेलीच आहे" म्हणत मात्रा वाढवत राहिलं, की रुग्ण बरळायला लागतो, अंग तापतं, पोटाचा आवाज बंद होतो. ही अ‍ॅट्रोपिनची विषबाधा. मग ड्रिप अर्धा-पाऊण तास बंद ठेवून, रुग्ण निवळला की आधीच्या ७०-८० टक्के वेगाने परत सुरू करावी लागते. दोन्ही बाजू, पुढून-मागून, वर-खाली ऐकून "सगळीकडची घरघर गेली, ही एका जागचीच आहे" हे ओळखणं म्हणजे प्रगत तपासणी. स्टाफ नर्सच्या शिक्षणात हे पुरेसं बसत नाही. एनपीसीसीत ते दोन वर्षं बेडजवळ गिरवून घेतात.

घरच्यांना हे उत्तर द्या ताई. नर्सच राहायचं आहे, पण छाती ऐकून निर्णय घेणारी.

वारणेची_लेक
वरच्या प्रतिसादाला शंभर वेळा अनुमोदन. "नर्सच राहायचं तर" या वाक्यातला तो "च" काढून टाकायला हवा.

औषधवाला_विटा
अतिदक्ष, मात्रेचा विषय निघालाच आहे तर रक्तदाब वाढवणाऱ्या नॉरअ‍ॅड्रेनलिनबद्दलही लिहा. लेबलवर औषधाच्या क्षाराचं (सॉल्टचं) वजन आणि मूळ औषधाचं वजन असे दोन आकडे असतात, आणि घोटाळा तिथेच होतो.

अतिदक्ष
बरोबर. आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच अँप्यूलवर "बायटार्ट्रेट २ मिलिग्रॅम, म्हणजे नॉरअ‍ॅड्रेनलिन १ मिलिग्रॅम, प्रति मिली" असं असतं. २ मिलीच्या अँप्यूलमध्ये मूळ औषध २ मिलिग्रॅमच. दोन अँप्यूल ५० मिलीत घातले की मिलीला ८० मायक्रोग्रॅम. ६० किलोच्या रुग्णाला ०.१ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट द्यायचं तर मिनिटाला ६, तासाला ३६०, म्हणजे पंप ४.५ वर. कुणी "अँप्यूल चार मिलिग्रॅमचा" समजून एकच घातला, तर पंप ४.५ दाखवतो आणि रुग्णाला निम्मंच मिळतं. पुढची पाळी दोन अँप्यूल घालते, आकडा तोच ठेवते, आणि दाब एकदम उसळतो. कारण शोधायला मग सगळे पंप उघडून बघतात, लेबल कुणी वाचत नाही.

सिरिंज संपत आली की दुसरी भरून, दुसऱ्या पंपावर चालू करून, दाब स्थिर दिसल्यावरच पहिली काढायची. आधी काढून मग भरायला घेतली तर त्या दीड मिनिटात दाब ५० वर येतो.

माणदेशी
सगळं मान्य, तरी मी विरोधात लिहिणार. शिक्षण उत्तम आहे, पण पद कुठे आहे? भरतीच्या जाहिराती काढून बघा. "अधिपरिचारिका" दिसेल. तिची राज्य शासनातली वेतनश्रेणी एस-१३, ३५,४०० ते १,१२,४००. एम्सच्या नॉर्सेट या भरती परीक्षेतून नर्सिंग ऑफिसर झालात तर लेव्हल ७, मूळ पगार ४४,९००. दोन्हीकडे बी.एस्सी. पुरते. एनपीसीसी केलेली मुलगी आणि बी.एस्सी. झालेली मुलगी त्याच परीक्षेला, त्याच श्रेणीसाठी बसतात.

नॉर्सेटला वयाची वरची मर्यादा साधारण ३० आहे, आरक्षणाप्रमाणे सूट. पूर्व आणि मुख्य असे दोन टप्पे, चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण वजा. म्हणजे अंदाजाने ठोकत सुटलात तर हातचे गुण जातात. ऐन अभ्यासाची दोन वर्षं कोर्समध्ये गेली की वयाचं गणित बिघडतं. माझं म्हणणं, आधी नोकरी पक्की करा. मग सेवेत राहून एनपीसीसी करा, पगार चालू ठेवून.

अतिदक्ष
माणदेशी, पद नाही हा मुद्दा खरा आहे आणि तो लपवून कुणाला या वाटेला लावू नये. पण खासगीत चित्र वेगळं आहे. सांगली-मिरज आणि कराडकडे मोठी अतिदक्षता केंद्रं आहेत. तिथे रात्री हाताशी जाणतं माणूस असणं रुग्णालयाला हवंच असतं. फक्त नेमणूकपत्रावर "नर्स प्रॅक्टिशनर" लिहून घ्या. "स्टाफ नर्स" लिहून एनपीचं काम करायचं, हा सौदा करायचा नाही. उद्या काही वाकडं झालं तर कागद बोलतो.

पाटी_पेन्सिल
शिकवण्याच्या बाजूने लिहिते. ताईंनी एम.एस्सी. विचारलंय. शिक्षकाच्या नोकरीकडे ओढा असेल तर विषयाची एम.एस्सी. सरळ पडते, कारण प्राध्यापकपदांच्या जाहिराती विषयवार निघतात: मेडिकल-सर्जिकल, कम्युनिटी हेल्थ, बालरोग, मानसिक आरोग्य, प्रसूती. एनपीसीसीचा भर शिकवण्यावर नाही, करण्यावर आहे. ज्यांना वर्गापेक्षा वॉर्ड आवडतो त्यांनी केवळ "पदव्युत्तर झालं" म्हणून एम.एस्सी. करू नये. पाठ-नियोजन, सूक्ष्म-अध्यापन, प्रबंध यांत वर्ष निघून जातं आणि हाताची सवय सुटते.

आणि कॉलेज बघताना संलग्न आयसीयूत रोज किती व्हेंटिलेटर चालू असतात ते प्रत्यक्ष जाऊन बघा. दाखवायला ठेवलेले आणि चालू असलेले यांत फरक असतो. मार्गदर्शक नर्स आणि मार्गदर्शक डॉक्टर दोघंही हवेत. फक्त नर्स मार्गदर्शक असेल तर निर्णयप्रक्रिया शिकायची राहते. नुसते डॉक्टरच असले तर विद्यार्थिनीचा उपयोग जादा मनुष्यबळ म्हणून होतो.

टेम्सकाठी
परदेशाचं मी लिहितो. एक गोष्ट पक्की समजा: भारतातली एनपीसीसी पदवी कुठेही थेट "नर्स प्रॅक्टिशनर" म्हणून बसवत नाही. सगळीकडे आधी साधी नोंदणीकृत नर्स व्हायचं.

ब्रिटन: आयईएल्टीएसमध्ये वाचन, ऐकणं, बोलणं ७ आणि लेखन ६.५. किंवा ओईटी या आरोग्यसेवकांच्या इंग्रजी परीक्षेत बी आणि लेखनात सी प्लस. मग सीबीटी, म्हणजे संगणकावरची परीक्षा. तिचे दोन भाग, आकडेमोडीचे १५ प्रश्न आणि क्लिनिकल १००. ती भारतातच देता येते. तिकडे गेल्यावर दहा स्टेशनांची ऑस्की, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षा. सुरुवात बँड ५ या वेतनश्रेणीला. तिथून अ‍ॅडव्हान्स्ड क्लिनिकल प्रॅक्टिशनर व्हायला तिथलं मास्टर्स पातळीचं शिक्षण आणि औषध लिहिण्यासाठी व्ही-३०० हा वेगळा कोर्स. व्ही-३०० साठी नोंदणीनंतर एक वर्ष पुरतं. पूर्वी तीन लागायची. एकदा तो झाला की तुमच्या सहीवर औषध मिळतं.

अमेरिका: ही संकल्पना जन्मली तिथेच, १९६५ मध्ये कोलोराडो विद्यापीठात, लोरेटा फोर्ड या परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांनी पहिला अभ्यासक्रम सुरू केला. तिथे आधी एनसीलेक्स-आरएन ही नर्सच्या परवान्याची परीक्षा, किमान ८५ आणि कमाल १५० प्रश्न, पाच तास. मग नर्स म्हणून काम आणि त्यांच्याच मान्यताप्राप्त विद्यापीठातून एमएसएन (मास्टर्स) किंवा डीएनपी (डॉक्टरेट). शाखा आधीच निवडावी लागते: फॅमिली, अ‍ॅक्यूट केअर, मानसिक आरोग्य. फॅमिलीची परीक्षा देऊन आयसीयूत काम मागितलं की अडचण येते. व्हिसाची रांग भारतीयांसाठी लांब आहे, म्हणून वय आणि संसार दोन्ही धरून हिशोब करा.

ऑस्ट्रेलिया: एनपीची मान्यता मिळवायला मागच्या सहा वर्षांत ५,००० तासांचा प्रगत पातळीचा अनुभव आणि मान्यताप्राप्त मास्टर्स.

मग एनपीसीसी वाया जाते का? नाही. ऑस्कीत, मुलाखतीत, बँड ६ ला जाताना ते शिक्षण उघड दिसतं. पण त्यासाठीच करायचं असेल तर दोन वर्षांऐवजी सहा महिने इंग्रजीला द्या.

बारशाचा_पाळणा
सगळे आयसीयूतच अडकलेत! नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी विसरू नका. केंद्राने २०१८ च्या अखेरीस मिडवाइफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातून ही वाट आली. १८ महिने, त्यातले शेवटचे सहा प्रत्यक्ष कामाचे. प्रसूतिकक्षाचा अनुभव लागतो.

इथे रोजच्या कामात दिसणारा फरक सांगते. अंगवळणी पडलेली पद्धत म्हणजे बाईला पाठीवर झोपवून पाय वर बांधायचे आणि "लाव जोर" म्हणायचं. मिडवाइफरीत कुशीवर, उकिडवं, हात-गुडघ्यांवर, बाईला सोसेल तसं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या लेबर केअर गाइडमध्ये सक्रिय कळांची नोंद ५ सेंटिमीटरपासून धरली आहे, आधीच्या पार्टोग्राफमध्ये (प्रसूतीच्या प्रगतीचा तक्ता) ती ४ पासून होती. तो एक सेंटिमीटर थांबायला शिकलं की कळा वाढवायला विनाकारण लावलेली पिटोसिनची ड्रिप टळते. बाळ बाहेर आल्यावर आत दुसरं नाही याची खात्री करून एका मिनिटात, रक्तस्राव टाळायला, ऑक्सिटोसिन १० युनिट स्नायूत. हे चुकवायचं नाही. ५०० मिलीच्या पुढे रक्त गेलं की अतिरक्तस्राव. अंदाज नेहमी कमी धरला जातो, म्हणून कपडे आणि पॅड वजन करून मोजायचे. एक ग्रॅम म्हणजे एक मिली.

प्रसूतिकक्षात मन रमत असेल त्यांनी हाही विचार करावा.

उपकेंद्र_जत
समुदाय आरोग्य अधिकारी हाही मध्यम पातळीचाच सेवादाता. बी.एस्सी. नर्सिंगवर होता येतं. सहा महिन्यांचं प्रशिक्षण आहे, पण नव्या अभ्यासक्रमात ते अंतर्भूत असेल तर वेगळं करावं लागत नाही. मानधन दरमहा २५,००० आणि कामगिरीवर १५,००० पर्यंत. पद कंत्राटी आहे. ते १५,००० सरसकट मिळत नाहीत. निर्देशांक पूर्ण करून नोंदी वेळेत चढवल्या तरच मिळतात. तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा रक्तदाब-साखर, गरोदर मातांची नोंद, ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेवर डॉक्टरांशी सल्ला. नोंद राहिली की काम करूनही पैसे कापले जातात. पण गाव आपल्याला ओळखतं. हे काम डोळस आहे आणि त्यात स्वतःच्या बुद्धीला वाव आहे.

वारणेची_लेक
थोडं अवांतर, पण मिरजेत काम करणाऱ्यांनी कन्नड शिकावं. अथणी, चिकोडीकडून पेशंट येतात. "ಎಲ್ಲಿ" वगैरे लिपी यायची गरज नाही, "यल्ली नोव्?" म्हणजे कुठे दुखतं, "यावाग?" म्हणजे केव्हा, एवढं जरी आलं तरी माहिती निम्मी लवकर मिळते. नातेवाईक दुभाष्या झाला की विषबाधेत काय प्यायलं ते हमखास लपवलं जातं.

अतिदक्ष
अवांतर कसलं, हेच तर प्रगत तपासणीचं पहिलं पान. बाटली घेऊन या म्हणून सांगायचं, नुसतं नाव विचारून भागत नाही.

कृष्णाकाठची
सगळ्यांचे मनापासून आभार. माणदेशींचं पटलं आणि अतिदक्षांचंही, म्हणून आणखी गुंता झाला! माझं वय २४. वर्ग नको, वॉर्डच हवा, एवढं नक्की. परदेश डोक्यात आहे, पण लगेच नाही. कॉलेजला जाऊन नेमकं काय विचारू?

पाटी_पेन्सिल
हे विचारा. या कोर्सला भारतीय परिचर्या परिषदेची यंदाची मान्यता आहे का, पत्र दाखवा. स्टायपेंड किती, कोणत्या तारखेला. बाँड आहे का, किती महिन्यांचा, मोडला तर किती रक्कम. मूळ कागदपत्रं ठेवून घेणार का. ठेवून घेत असतील तर तिथे नको. मागच्या तुकडीतल्या दोघींशी बोलता येईल का. आणि त्यांच्या आयसीयूचे लेखी प्रोटोकॉल बघायला मिळतील का. शेवटच्या प्रश्नाला चेहरे कसे होतात त्यावरून बाकीचं कळतं.

माणदेशी
२४ आहे म्हणता, मग वेळ आहे. नॉर्सेटचे दोन प्रयत्न करा, आयसीयू सोडू नका. लागलं तर उत्तम. नाही लागलं तर २६ ला एनपीसीसी, तेव्हा अनुभवही तीन वर्षांचा होईल. मी विरोधात आहे तो क्रमाच्या, कोर्सच्या नाही.

अतिदक्ष
या क्रमाला माझी हरकत नाही. फक्त या दोन वर्षांत रोज एका रुग्णाची डोक्यापासून पायापर्यंत स्वतः तपासणी करून वहीत लिहा, आणि राउंडला डॉक्टरांनी लिहिलेल्याशी ताडून बघा. एबीजी (धमनीतल्या रक्ताची वायू-तपासणी) आला की रिपोर्टखालचा निष्कर्ष झाकून आधी स्वतःचा लिहा. प्रवेश मिळेल तेव्हा निम्मा कोर्स ओळखीचा वाटेल.

टेम्सकाठी
आणि आजच एक काम करा. दहावीचं, बी.एस्सी.चं गुणपत्रक, परिषदेची नोंदणी, आधार आणि पासपोर्ट शेजारी ठेवून नाव अक्षराअक्षराने वाचा. आपल्याकडे गुणपत्रकावर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, वडिलांचं नाव तीन ठिकाणी तीन प्रकारे. परदेशी मंडळ एका अक्षरासाठी फाइल परत पाठवतं, आणि लग्नानंतर नाव बदललं तर राजपत्राचा कागदही लागतो. दुरुस्ती करायची तर विद्यापीठापासून सुरू करा, मग परिषद, शेवटी पासपोर्ट. उलट्या क्रमाने केलं तर परत पहिल्यापासून.

कृष्णाकाठची
आत्ताच काढून बघितलं. गुणपत्रकावर "बाळासो", आधारवर "बाळासाहेब", परिषदेच्या दाखल्यावर नुसतं "बी." सोमवारची सुट्टी टाकली आहे, विद्यापीठाचा नाव-दुरुस्तीचा अर्ज आधी भरते. दाखल्यावर "आयसीयू" शब्दही नाहीये, तोही त्याच दिवशी बदलून मागते.